झाडीपट्टीच्या उन्हाळ्यात नॅससाठी हार्ड डिस्क: सीगेट आयर्नवुल्फ ४ टीबी

घरच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना वापरता येणाऱ्या साठवणीच्या डब्यात, टाकायला हार्ड डिस्क घेताना आमच्याकडच्या माणसाने कंपनीचे नाव नंतर बघावे. आधी एक विचारावे, ही मिनिटाला किती फेरे फिरते? ५४०० आरपीएमची, सीएमआर पद्धतीने लिहिणारी (ती काय ते पुढे सांगते) आणि भारतातली वॉरंटी असलेली डिस्क मिळाली की निम्म्याच्या वर काम झाले. मी सीगेटची आयर्नवुल्फ ४ टीबी निवडली, एकाच डब्यात दोन लावल्या. मे महिना, पावसाळ्यातल्या विजा आणि नाटकांचा हंगाम, सगळे त्यांच्यावरून जाऊन गेल्यावर हे लिहिते आहे. मी समाधानी आहे, आणि का आहे ते नीट सांगणे मला गरजेचे वाटते, कारण आमच्या भागात या वस्तूबद्दल दुकानातसुद्धा चुकीचे सांगतात.

आम्ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातले. ह्यांचा फोटो-व्हिडिओचा धंदा आहे. शूटिंग ह्यांच्याकडे, एडिटिंग आणि सगळे सांभाळून ठेवणे माझ्याकडे. लग्ने तर असतातच, पण दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, सुरू झाल्या की दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके. वडशाहून नाटक कंपन्या निघतात त्या होळीपर्यंत गावोगाव. रात्री दहा-अकराला पडदा वर जाते आणि उजाडायला खाली येते.

आता हिशेब बघा. साध्या एचडीत २८ मेगाबिटने शूट केले तर तासाला साडेबारा जीबी होतात. सहा तासांचे नाटक म्हणजे एका कॅमेऱ्याचे पंचाहत्तर जीबी. तेच फोर-केमध्ये १०० मेगाबिटने घेतले तर तासाला ४५ जीबी, म्हणजे एका रात्रीत एका कॅमेऱ्याचे २७० जीबी. शिवाय सासऱ्यांच्या काळातल्या मिनी-डीव्ही टेपा आहेत. त्या मी हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवते आहे. त्या तासाला तेरा जीबी खातात.

लग्नाचे फुटेज पेन ड्राइव्हवर दिले की वर्षभराने पुसता येते. नाटकाचे पुसवत नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आमच्या भागातले जुने कलावंत आणि त्यांची मुले स्टुडिओत येऊन विचारतात, "वहिनी, आमच्या बाबांचे काही आहे का तुमच्यापाशी?" कधी असते. सापडले की तो माणूस खुर्चीवर बसून पूर्ण अंक बघून जाते. हे हरवू नये एवढ्यासाठी मी डिस्कचा एवढा अभ्यास केला.

आधी सगळे यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कांवर होते. कपाटात एकावर एक, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून सालाचे नाव. त्यातली एक हंगामाच्या मध्यातच फिरायची बंद झाली. म्हणून दोन खणांचा नॅसचा डबा घेतला. राउटरला केबलने जोडला की घरातल्या कोणत्याही कॉम्प्युटरवरून, मोबाइलवरून फाइल उघडते. डब्याबद्दल इथे फार सांगत नाही. बाजारात चार-पाच नावे आहेत, साध्या वापराला सगळी चालतात. डब्यातली डिस्क मात्र जपून निवडावी लागते, कारण डबा बिघडला तर दुसरा आणता येतो.

आरपीएमचा मुद्दा पहिला का, ते सांगते. दोन खणांच्या साध्या नॅसला बहुतेक एक गिगाबिटचे पोर्ट असते. त्यातून सेकंदाला ११० ते ११५ मेगाबाइटच्या वर काही जात नाही. ५४०० आरपीएमची ४ टीबी डिस्क कोरी असताना १८० ते २०० मेगाबाइटने लिहिते, भरत आली तरी शंभराच्या आसपास टिकते. म्हणजे तारच आधी थकते. ७२०० आरपीएमच्या डिस्कचा वाढीव वेग तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पोचते ती तिची गरमी, आवाज आणि विजेचे बिल. ४ टीबीची हळू फिरणारी डिस्क काम करताना साधारण चार-पाच वॅट घेते, ७२०० वाली त्याहून बरीच जास्त. जिथे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांच्या पुढे जाते तिथे डब्याच्या आत प्रत्येक वॅट जाणवते.

गरमीबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कोणी म्हणेल ही उगाच भीती घालते. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तापमान वाढले की डिस्का जास्त मरतात असे सरळ दिसले नाही. उलट फार थंड ठेवलेल्यांमध्ये बिघाड जास्त होता. फक्त अगदी वरच्या तापमानाला, तेही जुन्या झालेल्या डिस्कांमध्ये, गरमीचा परिणाम दिसला. वाचून मला बरे वाटले. मग लक्षात आले, की ते आकडे थंड केलेल्या डेटा सेंटरचे आहेत. त्यांच्या आलेखाचे जे शेवटचे टोक, तिथून आमचा एप्रिल सुरू होते. डिस्क खोलीपेक्षा आठ-दहा अंश तरी जास्त गरम राहते. कंपन्या ६० ते ६५ अंशांपर्यंत चालेल असे लिहून देतात, पण बंद कपाटात, सिमेंटच्या पत्र्याखाली, दुपारी दोन वाजता तो आकडा फार लांब नसते.

म्हणून आमचा डबा आम्ही मातीच्या भिंतीच्या माजघरात ठेवला आहे. तिथे वर कवेलू आहेत आणि दुपारी स्टुडिओपेक्षा पाच-सहा अंश तरी कमी वाटते. हिवाळ्यात डिस्कचे तापमान तिशीच्या आसपास असते. मेच्या दुपारी, फाइली चालू असताना, ४७-४८ दिसते. पन्नाशी गाठली की डबा मला मोबाइलवर कळवेल असे लावून ठेवले आहे. कूलरसमोर डबा ठेवू नका, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. कूलरची हवा थंड असते पण ओली असते, आणि आमचे पाणी क्षाराचे. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसते तोच हवेतून थोडा थोडा आत जाते. त्यापेक्षा कोरड्या आतल्या खोलीतला साधा पंखा बरा. आणि गावात राईस मिल असेल तर दर महिन्याला डब्याच्या मागची जाळी ब्रशने साफ करावी लागते. धानाचा बारीक कोंडा कुठूनही येते.

दुसरी गोष्ट सीएमआर आणि एसएमआर. डिस्कच्या तबकडीवर डेटा गोल पट्ट्यांमध्ये लिहिला जाते. सीएमआरमध्ये पट्ट्या शेजारी शेजारी, सुट्या. एसएमआरमध्ये त्या छपरावरच्या कवेलूंसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावते आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधले एक कवेलू बदलायचे तर वरची ओळ उचलावीच लागते. तसेच एसएमआरमध्ये मधली एक पट्टी नव्याने लिहायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या सगळ्या पट्ट्या वाचून पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम रिकाम्या वेळात उरकते. थोडे थोडे लिहिले तर कळतही नाही. पण नॅसमधली एक डिस्क गेली, नवी लावली, आणि आता तिच्यावर सगळा डेटा पुन्हा उतरवायचा आहे, तेव्हा रिकामा वेळच नसते.

हे पुस्तकी नाही. एप्रिल २०२० मध्ये उघड झाले, की वेस्टर्न डिजिटल कंपनी नॅससाठी म्हणून विकत असलेल्या डब्ल्यूडी रेड डिस्कांमध्ये २ ते ६ टीबीच्या काही एसएमआर होत्या, आणि ते माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. मॉडेल नंबरच्या शेवटी ईएफएएक्स असलेल्या त्या. एका तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने झेडएफएस ही फाइली ठेवायची पद्धत वापरून, नव्या डिस्कवर सगळा डेटा पुन्हा उतरवायची चाचणी केली, तर बाकीच्या डिस्कांनी दिवसाच्या आत संपवलेले काम त्या डिस्कला नऊ दिवसांहून जास्त लागले. त्या नऊ दिवसांत दुसरी डिस्क गेली तर सगळेच गेले. गदारोळ झाल्यावर जून २०२० मध्ये कंपनीने नावे वेगळी केली. आता नुसती रेड म्हणजे एसएमआर, रेड प्लस आणि रेड प्रो म्हणजे सीएमआर. एवढा 'प्लस' शब्द बघायचा, बाकी खोके तसेच दिसते. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर आहेत, पण त्यांचीच बॅराकुडा ४ टीबी एसएमआर आहे. तोशिबाची एन३०० सीएमआर, पी३००ची ४ आणि ६ टीबी एसएमआर. दुकानदार "सेम आहे" म्हणून बॅराकुडा पुढे करेल. सेम नाही.

एसएमआर डिस्क वाईटच असते असे मी म्हणत नाही. एकदा भरून कपाटात ठेवायच्या बॅकअपला ती ठीक आहे, आणि माझ्याकडेही तशी एक आहे. फक्त नॅसच्या खणात नको.

तिसरे कारण कमी लोकांना माहीत असते. साध्या कॉम्प्युटरच्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. एकटी असेल तर हे बरोबरच आहे, कारण तिच्याशिवाय डेटा कुठे नाही. पण नॅसमध्ये दोन डिस्कांवर तोच डेटा असते. एक डिस्क एवढा वेळ गप्प बसली की डब्याला वाटते ही मेली, आणि तो तिला बाहेर काढून टाकते. नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि सांगते की ही जागा वाचता येत नाही. मग डबा दुसरीवरून तेवढा भाग वाचून पहिलीवर दुरुस्त करते. चांगली डिस्क उगाच बाद होत नाही. डब्ल्यूडी याला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी.

तालुक्याच्या दुकानात मी गेले तेव्हा तिथे नॅसची एकही डिस्क नव्हती. होत्या त्या सगळ्या सीसीटीव्हीच्या. डब्ल्यूडी पर्पल आणि सीगेट स्कायहॉक. दुकानदार मुलगा चांगला आहे, पण त्याचे म्हणणे एकच.

"ताई, हीच घेऊन जा. डीव्हीआरमध्ये रात्रंदिवस चालते, तुमच्या डब्यात नाही का चालणार?"

"चालेल. पण मला रेकॉर्डिंग चालू ठेवायचे नाही, ठेवलेले जपायचे आहे."

"काहून, फरक काय पडते?"

फरक मी त्याला तिथेच सांगितला आणि इथेही सांगते. कॅमेऱ्याच्या डिस्कची जडणघडण एका बाजूने सतत लिहिण्यासाठी असते. फुटेजमधली एखादी फ्रेम गेली तरी चालेल पण रेकॉर्डिंग अडायला नको, असा तिचा हिशेब. साध्या नॅसमध्ये ती काम करते, आणि दुसरी मिळतच नसेल तर बॅराकुडापेक्षा मी तीच घेईन. पण किमतीत फार फरक नसताना दुसऱ्या कामाची वस्तू का घ्यायची? त्याने मागवून देतो म्हटले, पण वॉरंटी कुठली ते त्याला सांगता येईना, म्हणून मी नागपूर गाठले.

शेवटी माझ्यापुढे तीन उरल्या. तोशिबा एन३०० मजबूत म्हणून नावाजलेली आहे, पण ७२०० आरपीएम, म्हणून आमच्या उन्हाळ्यासाठी मी ती बाजूला ठेवली. ज्यांच्याकडे एसी आहे आणि वेगवान नेटवर्क आहे त्यांनी जरूर बघावी. डब्ल्यूडी रेड प्लस ४ टीबी आणि आयर्नवुल्फ ४ टीबी या दोघींत खरे तर फार निवडण्यासारखे नाही. दोन्ही सीएमआर, दोन्ही ५४०० च्या आसपास, दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी, दोन्ही वर्षाला १८० टीबी कामासाठी मोजलेल्या, दोन्ही आठ खणांपर्यंतच्या डब्यासाठी. रेड प्लस मिळाली असती आणि स्वस्त असती तर तीच घेतली असती.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात होती. २०२० मध्येच लोकांनी डब्ल्यूडीच्या काही मोठ्या डिस्कांचा आवाज मोजून दाखवला. माहितीत '५४०० आरपीएम क्लास' लिहिलेले, पण आवाजाची कंपने सेकंदाला १२० निघाली. १२० गुणिले ६० म्हणजे ७२००. कंपनीचे उत्तर होते, की 'क्लास' म्हणजे कामगिरीची पातळी, खरे फेरे नव्हेत. ४ टीबीबद्दल ही तक्रार नव्हती. तरी जिथे आकडा स्वच्छ लिहिलेला आहे तिकडे माझा कल गेला. दुसरे म्हणजे आयर्नवुल्फसोबत तीन वर्षांची डेटा रेस्क्यू सेवा किमतीतच येते. डिस्क बिघडली तर कंपनी आपल्या प्रयोगशाळेत डेटा काढायचा एक प्रयत्न करते. निघेलच अशी खात्री कोणी देत नाही. पण बाहेर हेच काम करायला जो खर्च येते, त्यात नव्या डिस्का कितीतरी येतील.

सीगेटच्याच मोठ्या कामाच्या आयर्नवुल्फ प्रो आणि एक्सॉस मी बघितल्या. पाच वर्षांची वॉरंटी, वर्षाला ५५० टीबीपर्यंतचे काम. आम्हाला त्याची गरज नाही. १८० टीबी म्हणजे ४ टीबीची अख्खी डिस्क वर्षात पंचेचाळीस वेळा भरण्याइतके. लिहिणे आणि वाचणे दोन्ही धरले तरी हंगामातसुद्धा आम्ही त्याच्या जवळ जात नाही. ज्यांच्या ऑफिसात दहा लोक एकाच डब्यावर काम करतात त्यांनी प्रो घ्यावी. घरच्यांनी तोच पैसा तिसऱ्या डिस्कसाठी वाचवावा.

डिस्कच्या माहितीपत्रकात 'एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ) १० लाख तास' असे लिहिलेले असते. ते वाचून कोणी समजू नये की डिस्क शंभर वर्षे चालेल. वर्षाचे ८,७६० तास. त्याला दहा लाखाने भागा. अर्थ निघते तो असा, की हजार डिस्का वर्षभर चालवल्या तर त्यातल्या साधारण नऊ जातील. तुमची त्या नऊत आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

खरेदीबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण फसवणूक तिथेच होते. आधी मी एक डिस्क ऑनलाइन मागवली होती. पातळ बबलच्या पिशवीत, मोठ्या खोक्यात सुटी, हलवली की आपटत होती. सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला तर किरकोळ विक्रीची वॉरंटीच दिसेना. विक्रेता म्हणाला, वॉरंटी आमची दुकानाची आहे. परत केली. तीन वर्षांत तो विक्रेता तिथे असेल की नाही, कोणाला ठाऊक? मग नागपूरला बर्डीत गेले. तिथल्या दुकानदाराला मी आधीच सांगितले, की पैसे देण्यापूर्वी सिरियल नंबर माझ्या मोबाइलवर तपासणार. तो म्हणाला, "ताई, बिनधास्त बघा," आणि सीलबंद खोके समोर ठेवले. तारीख बघितली, देश भारत दिसला, बिलावर सिरियल नंबर लिहून घेतला. एक तिथे घेतली आणि दुसरी मुद्दाम दुसऱ्या दुकानात. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन बहिणी एकाच दोषाच्या असू शकतात आणि मागेपुढे जाऊ शकतात. वेगळ्या महिन्याच्या बनावटीच्या असल्या की तो धोका कमी होते. मी घेतल्या तेव्हा एकीला दहा हजारांच्या आतबाहेर पडले. आता भाव चढे आहेत.

नवी म्हणून जुनी डिस्क विकायचे प्रकार जगभर झाले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत असे पुढे आले, की सीगेट एक्सॉसच्या हजारो तास चाललेल्या डिस्का नव्या म्हणून दुकानांतून विकल्या गेल्या. क्रिप्टो नाणे काढायच्या कामात वापरलेल्या असाव्यात असा संशय होता. त्यांच्या 'स्मार्ट' नोंदीतले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले, चालू तास पुसून शून्य केलेले होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक आतली नोंद असते, तिच्यात खरे तास सापडले. स्मार्टमॉनटूल्स नावाचे मोफत सॉफ्टवेअर ७.४ आवृत्तीपासून ही नोंद वाचून दाखवते. माझ्या भाच्याने लॅपटॉपला लावून दोन्ही डिस्का बघून दिल्या. दोन्ही नोंदी जुळल्या, दोन्हींत तास जवळपास शून्य. हे काम पंधरा मिनिटांचे आहे, आणि परत करायची मुदत असेपर्यंतच त्याचा उपयोग आहे.

लावल्यावर लगेच त्यावर काही ठेवले नाही. आधी स्मार्टची लांब चाचणी चालवली. ४ टीबीला ती सात-आठ तास घेते. रात्री लावायची, सकाळी बघायची. मग दोघींचा मिरर केला, म्हणजे एकीवर जे ते दुसरीवरही. मग आधी टाकले ते टेपांचे, कारण त्या टेपा आता स्वतःच बुरशी धरायला लागल्या आहेत.

४ टीबी लिहिलेल्या डिस्कवर ३.६३ दिसते. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने. घट नाही. डबा स्वतःच्या सिस्टीमसाठी अजून थोडी जागा घेते. मिररमध्ये दोन डिस्का मिळून जागा एकीचीच, हेही घेण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा.

वापरातले सांगायचे तर, एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर केबलने एचडी फुटेज सरळ नॅसवरून टाइमलाइनवर घेते, अडत नाही. फोर-के दोन कॅमेऱ्यांचे असेल तर मी आधी कॉम्प्युटरच्या एसएसडीवर उतरवते. ती मर्यादा नेटवर्कची. आवाज दिवसा ऐकूच येत नाही. रात्री गाव शांत असते तेव्हा फाइली चालू असल्या की बारीक कुरकुर येते. डिस्कचे वाचायचे-लिहायचे डोके हलण्याचा आवाज आहे, दोष नाही. डबा लाकडी फळीवर होता तेव्हा फळी घुमायची. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, थांबली.

डिस्कला खरा त्रास गरमीपेक्षा लाइन जाण्याचा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात लाइन दिवसातून किती वेळा जाते याला हिशेब नाही. फिरती डिस्क अचानक बंद झाली तर ती स्वतःच्या फिरण्याच्या उरलेल्या जोरावर वीज करून डोके बाजूला नेऊन ठेवते. डिस्क त्यातून वाचते, पण लिहिणे अर्धे राहिले तर फाइल वाचत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवला तर बदलाच्या क्षणी डबा कधी टिकते, कधी पुन्हा सुरू होते. म्हणून डब्यासाठी वेगळा छोटा यूपीएस घेतला, आणि तोही यूएसबीने डब्याला जोडता येईल असा. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना ती सोय नसते, विचारून घ्या. बॅटरी उतरली की यूपीएस डब्याला कळवते आणि डबा नीट बंद होते. स्मार्टमध्ये १९२ क्रमांकाची एक नोंद असते, डोके किती वेळा घाईने बाजूला घ्यावे लागले त्याची. यूपीएस लावल्यापासून ती वाढली नाही. ती वाढताना दिसली तर यूपीएसची बॅटरी बघा.

बाकी तीन नोंदी मी दर महिन्याला बघते. ५, १९७ आणि १९८. खराब होऊन बदललेल्या जागा, संशयातल्या जागा आणि वाचता न आलेल्या जागा. माझ्या दोन्ही डिस्कांवर आजपर्यंत तिन्ही शून्य आहेत. पण त्या गूगलच्या अभ्यासातच आहे, की बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या मुख्य चार नोंदींत आधी काहीच दाखवले नव्हते. म्हणून शून्य दिसले की मी निश्चिंत होत नाही.

मिरर म्हणजे बॅकअप, असे समजणारे पुष्कळ आहेत. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदम पुसली जाते. वीज पडली तर दोन्ही एकाच डब्यात. आमच्या भागात धान रोवणीच्या दिवसांत विजा किती पडतात ते सांगायला नको. म्हणून तिसरी डिस्क, बाहेरची, यूएसबीची. तिच्यावर नाटके आणि टेपांचे सगळे उतरवून ती नागभीडला माझ्या माहेरी असते. भाऊ येणार-जाणार असला की बदलून जाते. एवढ्यानेच मला झोप लागते.

हे सगळे ४ टीबीबद्दल आहे. पुढच्या हंगामापर्यंत आमच्या भरतील आणि ८ टीबी घ्यावी लागेल. तिथे आयर्नवुल्फ नाव वाचून थांबून चालणार नाही, कारण त्याच नावाच्या ८ टीबीत दोन प्रकार बाजारात आहेत. मॉडेल नंबर व्हीएन००४ ने संपते ती ७२०० आरपीएमची, व्हीएन००२ ने संपते ती ५४०० ची. खोके सारखे, लांडग्याचे चित्र सारखे. बर्डीतल्या दुकानदाराला मी आत्ताच सांगून ठेवले आहे, ००२ वाली येईल तेव्हा फोन करा, दुसरी दाखवूही नका.